लाभ, दोन, तीन

माझ्याकडून गोड आठवणींची अपेक्षा असेल तर आताच सांगून टाकते, ती पुरी व्हायची नाही. निवृत्त शिक्षिकेनं लिहायचं म्हणजे गोजिरवाणी मुलं, निरोप समारंभातले भरून आलेले डोळे, 'मुलांनीच मला घडवलं' वगैरे वगैरे. मुलांनी मला घडवलंबिडवलं की नाही ते ठाऊक नाही, भांडायला मात्र पुष्कळ लावलं. त्यातलं एक भांडण मी हरले. ते इथं लिहिते आहे.

माझी शाळा पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीवर. मी राहायला दासगावला. सकाळची पहिली एसटी, पोलादपूरहून मिनीडोर, आणि डांबर संपलं की पायी. पावसाळ्यात कशेडी घाटात दरड आली की ट्रकांची रांग पोलादपूरपर्यंत यायची आणि तिच्यातून वाट काढत मी शाळा गाठायची. वाडीवरची माणसं भात, नाचणी करणारी, शेरडं-म्हशी राखणारी. मला कायम पहिली-दुसरीचे वर्ग. वरचे वर्ग मागितले असते तर मिळाले असते, पण मला ही लहान पोरंच हवी असायची.

पहिलीच्या गणिताबद्दल शहाण्यासुरत्या लोकांचाही असा समज असतो की त्यात काय मोठंसं! एक ते शंभर पाठ करून घ्यायचे, झालं. एक आजी नातवाला माझ्यासमोर उभं करून म्हणाल्या होत्या, "बाई, याला समदं येतं. बोल रे!" पोरानं धडाधडा शंभरपर्यंत म्हणून दाखवलं. मी त्याच्यापुढं चिंचोक्यांची टोपली ठेवली नि म्हटलं, "सात दे मला." त्यानं मूठभर उचलून दिले. म्हटलं, "हे सात आहेत?" तर म्हणाला, "अजून देऊ?"

मला या पोराचा राग येत नाही. आकडे त्याच्या तोंडात होते, हातात उतरलेले नव्हते. 'एक' म्हणताना एकच चिंचोका सरकला पाहिजे, 'दोन' म्हणताना दुसरा, आणि शेवटी जो आकडा आला तो शेवटच्या चिंचोक्याचा नसून सगळ्या ढिगाचा, हे बोटांना कळायला वेळ लागतो. म्हणून माझ्या वर्गात चिंचोके असत, मणी असत, निरगुडीच्या काड्या असत. दहा काड्या झाल्या की रबर लावून गठ्ठा करायचा. तो झाला दशक, उरलेल्या सुट्या. वजाबाकीत सुट्या कमी पडल्या की गठ्ठा सोडायचा. 'हातचा घेतला' म्हणतात तो हाच. फळ्यावर तो जादूसारखा कुठून तरी येतो, काड्यांत तो डोळ्यांसमोर सुटतो.

एका पोराचे गठ्ठे मात्र दहाचे कधीच नसायचे. कधी आठाचा, कधी बाराचा, आणि हा खुशाल दशक म्हणून मांडून मोकळा! दोन दिवस मी नुसती बघत राहिले. मग लक्षात आलं की हा मोजत नाहीये, मुठीत धरतोय. लावणीच्या वेळी त्याची आई रोपं उपटून मूठ बांधते, ती हातात मावेल एवढी. त्याच्या लेखी गठ्ठा म्हणजे मूठ. त्याला मी चूक दिली नाही. त्याचे दोन गठ्ठे दोन पोरांना दिले आणि म्हटलं, सोडा नि वाटणी बघा. ज्याला आठ आल्या त्यानं असा काही गळा काढला की या पठ्ठ्यानं त्याच दुपारी सगळे गठ्ठे सोडून पुन्हा मोजून बांधले. माझा धंदा म्हणजे एवढाच. पोर चुकलं की ते कुठून चुकलं ते बघायचं आणि तिथं जाऊन बसायचं.

आता हे करू द्यायला कोणी तयार नाही. मुंबईहून गणपतीला आलेला एक बाप दारात उभा राहून मला म्हणाला, "मॅडम, हा टाइमपास बंद करा, टेबल्स घ्या टेबल्स." स्वतः मात्र मिनीडोरवाल्याशी सुट्या पैशांवरून भांडून आला होता. वरच्यांची तऱ्हा आणखी निराळी. त्यांनी रंगीत ठोकळ्यांची पेटी दिली ती चांगलीच होती, मी दोन हातांनी घेतली. पण पाठोपाठ हुकूम आला, वापराचे फोटो रोज पाठवा. मग काय, मोबाइल काढला की पोरं ठोकळे हातात धरून हसायला लागायची. एकदा एक मुलगी अर्धी बेरीज टाकून ठोकळे पेटीत भरायला लागली. म्हटलं, "अगो, संपलं कुठं?" तर म्हणते, "फोटो झाला ना, बाई?" मी मोबाइल दप्तरात टाकला आणि त्या महिन्यात मला त्याबद्दल विचारणा झाली.

आणि या वरच्यांनीच आम्हाला महाडला बोलावून प्रशिक्षण दिलं होतं, 'परिसरातून गणित'. मोठा फलक, सामोसे, चहा. परिसरातल्या वस्तू घ्या, मुलाच्या घरचा अनुभव वर्गात आणा, असं एक सर तासभर सांगत होते. मी टाळ्या वाजवल्या, मनापासून वाजवल्या. मला काय ठाऊक, की परिसर खरोखरच वर्गात येऊन उभा राहिला की हेच लोक त्याला बाहेर काढणार आहेत!

सानिका पहिलीत होती तेव्हाची ही गोष्ट. काळीसावळी, केसांना भरपूर तेल, बोलण्यात एक घाव दोन तुकडे. बाप मुंबईला कामाला, घरी आई सविता आणि आजोबा. आजोबांना अख्खी वाडी तात्या म्हणते. पोरगी गणितात तल्लख होती. शिक्षिकेनं असं म्हणू नये म्हणतात, मी म्हणते. गठ्ठा सोडायचा हे तिला मला सांगावं लागलं नव्हतं.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच सुरू झाली होती. वाडीवर भाताची झोडणी चालू होती, पोरांच्या अंगाला पेंढ्याचा वास. त्यात बाहेरून मूल्यमापनाचं पथक आलं. पथक म्हणजे एकच तरुण सर, हातात टॅब. बिचारा चढ चढून घामाघूम झाला होता. मी पाणी दिलं, पोह्यांचं विचारलं. तो म्हणाला, अजून दोन शाळा करायच्यात. माझं त्याच्याशी वैर नव्हतं, अजूनही नाही.

सानिकाची पाळी आली. त्यानं पिशवीतून प्लॅस्टिकची बरणी, एक पेला आणि तांदळाची पुडी काढली. "बाळ, पेल्यानं मोजून तांदूळ या बरणीत भर. मोठ्यानं मोज." पहिलीच्या अभ्यासात असतंच हे, कशात किती मावतं ते. सानिकानं पेला शिगोशिग भरला, बोटानं सपाट केला, बरणीत ओतला आणि खणखणीत म्हणाली, "लाभ." मग "दोन." मग "तीन, चार, पाच." बरणी भरली तशी वर बघून म्हणाली, "पाच पेले."

बरणीत पाचच पेले मावत होते.

सरांनी टॅबवर बोट ठेवलं आणि ठोकळ्यांचे, काड्यांचे प्रश्न न विचारताच म्हणाले, "पुढचं मूल पाठवा." मी म्हटलं, "हिचे बाकीचे प्रश्न?" म्हणाले, "उघडणार नाहीत मॅडम. पहिलाच अंक चुकला की टेस्ट तिथं थांबते. तिला एक येत नाही."

एक येत नाही! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी त्यांना समजावून सांगितलं, जितकं शांतपणे मला जमतं तितकं. आमच्याकडे खळ्यावर धान्य मापताना पहिल्या पायलीला 'एक' म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. रास वाढावी, घरात बरकत यावी म्हणून. दुसरीपासून मग दोन, तीन. पोरीनं कालपरवाच आजोबांबरोबर खळ्यावर रास मापलीय. तिच्यापुढं तुम्ही नेमके तांदूळ ठेवलेत, वर माप दिलंत. ती काय म्हणणार? मी चिंचोके पुढं केले. सानिकानं एक, दोन, तीन असे घडाघडा मोजून दाखवले. सर बघत राहिले. त्यांना पटलं, मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं. पण म्हणाले, "मॅडम, मला इथं 'हो' आणि 'नाही' एवढेच पर्याय आहेत. तिनं 'एक' म्हटलं का? नाही."

सानिका दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तिनं मला विचारलं, "बाई, माझा काय चुकला?" मी म्हटलं, "काही नाही चुकलं." पण 'एक' म्हणणाऱ्या पुढच्या पोराला प्रश्नांमागून प्रश्न आले आणि हिला एकच, हे तिला दिसत होतं की!

एक गोष्ट इथंच सांगते. मी स्वतः हे लाभ-बरकत मानत नाही. आम्ही बौद्ध, आमच्या घरात नवस-गंडे-दोरे नाहीत, वर्गातही मी पोरांच्या डोक्यातली भुतं काढत आले. कुणी म्हणेल, मग तुम्हाला एवढं झोंबलं का? तर यासाठी, की आमच्या माणसांना कित्येक पिढ्या लांबूनच बघून सांगितलं गेलं, तुमच्या डोक्यात नाही उतरायचं. आमच्या वडिलांना ऐकावं लागलेलं मी ऐकलंय. तेव्हापासून न विचारता, न बसता कुणी पोराच्या नावावर शिक्का मारला की माझं डोकं फिरतं. मग ते पोर कुणाचंही असो.

पंधरवड्यात निकाल आला. सानिकाच्या नावापुढं लाल खूण. सोबत सूचना की पालकांना बोलवावं आणि मुलीची बुद्धीची तपासणी करण्यासाठी तिला महाडच्या शिबिराला न्यावं. मी ती सूचना घरी पोचू देणार नव्हते, पण ती पालकांच्या मोबाइलवर परस्पर गेली. मुंबईत बापानं वाचली, बापानं तात्यांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी तात्या शाळेत आले. टोपी काढून हातात धरली. "बाई, तुमी लई केलात पोरीसाठी. पन सरकारच बोलतंय जमनार नाय, तर कशाला उगाच? शेरडांमागं जाईल. आमी पन तेच केलं."

मी म्हटलं, "तात्या, सरकारला कळत नाही. पोरगी हुशार आहे."

"हुशार हाय ते आमाला म्हाईत हाय. पन ती लाल खूण हाय ना?"

सविता त्यांच्या मागं उभी होती. ते पुढं निघाले तशी मागं वळून आली आणि माझा हात घट्ट धरला. "बाई, मी चवथीत सुटले. हिला सुटू देव नका. तुमच्या पाया पडते, ती खूण काडा."

ती खूण काढायला मी पोलादपूरच्या कचेरीत गेले. एकदा नव्हे, शाळा सुटली की जात राहिले. तिथले साहेब सज्जन, चहा पाजणारे. चहा तेवढा पाजला. "मॅडम, आकड्यांत भावना आणू नका. मुलीनं एक म्हटलं का?" मी म्हटलं, "साहेब, तिनं मोजलं का ते विचारा. पाच पेले मावले, ती पाच म्हणाली. मोजणं म्हणजे आणखी काय असतं?" म्हणाले, "दुरुस्तीची सोय नाही. पुढच्या फेरीत होईल हिरवं. तोवर तिला 'एक' म्हणायची सवय लावा." मी म्हटलं, "सवय तिला कशाला? तुमच्या त्या यंत्राला लावा!" शेजारच्या टेबलावरचे क्लार्क हसले. साहेब हसले नाहीत. 'परिसरातून गणित' शिकवा म्हणून सही करणारेही हेच साहेब. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते काय वेगळं असतं?

परतताना मी तात्यांच्या घरी गेले आणि अंगणात बसून शब्द मागितला. पुढची फेरी होईपर्यंत पोरगी शाळेत राहील. तात्या म्हणाले, "तुमी एवढ्या वर चढून आलात. नाय कसा बोलू?" सानिका शाळेत राहिली, तात्पुरती. सारं त्या पुढच्या फेरीवर आलं. तिथं पुन्हा लाल खूण पडली की शेरडं.

मी सानिकाला जवळ बसवून सांगितलं, खळ्यावर लाभ म्हणायचं, शाळेत एक म्हणायचं, दोन्ही बरोबर. ती मान हलवायची. पण मुळात धिटाईनं बोलणारी पोर आता मोजायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघायला लागली. एक दिवस तांदळाची वाटी पुढं ठेवली तर तिनं दोन्ही हात गालांवर झाकून धरले. मी म्हटलं, "काय गो?" म्हणाली, "आय मारते." सविता रोज चुलीपाशी बसून तिच्याकडून मापं म्हणवून घेत होती. 'लाभ' तोंडातून आला की गालावर. त्या बाईला मी काय बोलणार? तिला मारायला कुणी लावलं, ते मला ठाऊक होतं. ती मंडळी चहा पीत कचेरीत बसली होती.

पुढल्या पावसाळ्यात दुसरी फेरी झाली. निराळ्या मॅडम आल्या, टॅब तोच. सानिकानं पेला भरला, ओतला आणि म्हणाली, "एक." मग सारे प्रश्न उघडले, आणि तिनं एकूण एक सोडवले. ठोकळे, काड्या, गठ्ठे, वजाबाकी, सगळं. मॅडम म्हणाल्या, "खूपच छान आहे ही!" मी बाहेर ओटीवर जाऊन उभी राहिले. आनंद व्हायला हवा होता ना? झालाही थोडा. तात्यांनी शब्द पाळला, सानिका शाळेत कायम झाली. कचेरीतून फोन आला, अभिनंदन, मुलीची यशोगाथा पाठवा, सोबत आधीचा आणि नंतरचा फोटो जोडा. मी म्हटलं, माझ्याकडे आधीचा फोटो नाही. नंतरचाही पाठवला नाही.

त्यानंतर काही महिन्यांतच मी निवृत्त झाले. गेल्या वर्षी भात झोडून झाल्यावर तात्यांचा निरोप आला, "बाईंनी खळ्यावर यावं, नवं भात घेऊन जावं." गेले. सारवलेलं खळं, मध्ये रास, भोवती घरची आणि शेजारची माणसं. त्यांच्या घरची रीत अशी की पहिली पायली घरातल्या लेकीच्या हातून मापायची. सानिका नवा फ्रॉक घालून राशीपाशी बसली. उंच झाली होती. तिनं पायली भरली, हातानं सपाट केली, टोपलीत ओतली आणि म्हणाली,

"एक."

तात्या हसून म्हणाले, "गो बाय, लाभ बोल."

"नाय. ते चूक हाय."

"कोन बोललं चूक?"

"शाळेत."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सविता पदर तोंडाला लावून खाली बघत होती. ज्या गोष्टीविरुद्ध मी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या, ती माझ्याच नावावर जमा झाली होती, आणि मला तिथं कुणाशी भांडायचीही सोय नव्हती. तात्या रागावले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊ दे. शिकली ती." आणि टोपलीतलं भात त्यांनी उचलून परत राशीत ओतलं.

मी उठले, सानिकाशेजारी खाली बसले. साऱ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सानिका, लाभ चूक नाही. मी तुला तेव्हाही सांगितलं होतं. इथं लाभच म्हणायचं."

ती माझ्याकडे बघत राहिली. आता ती तिसरीत होती, असल्या बोलण्यानं फसायचं वय मागं पडलं होतं. "मंग सरांनी लाल का दिला?"

"सरांना ठाऊक नव्हतं."

"तुमी सांगितला होता ना त्यांना? मी ऐकला."

"हो. सांगितलं होतं."

"मंग?"

एवढी वर्षं पोरांच्या प्रश्नांवर पोट भरलं, आणि या एका प्रश्नाला माझ्याकडे काही नव्हतं. सानिकानं पायली पुन्हा पुढं ओढली आणि भरायला लागली. पहिली ओतली, दुसरी ओतली, रास संपेपर्यंत ओतत राहिली. मोजत होती, बोटं हलताना मला दिसत होती. पण तोंडातून लाभ आला नाही, एक आला नाही, दोनही आला नाही.

कचेरीच्या दप्तरी ती आजही हिरवी आहे.